मेण कोणाचे, मैदान कोणाचे?

खेळाचा इतिहास लिहिणारे धावा, गोल आणि चषक मोजतात. चेंडू कोणी शिवला, काठी कोणी तासली, तिच्या पात्यावर मेण कोणी घासले, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. म्हणूनच 'खेळात जात नसते' हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज खपते. जात मैदानाच्या मधोमध नसेलही. ती मैदानाच्या कडेला, साहित्याच्या खोलीत आणि चहाच्या कपात असते. आज आपण त्या कडेकडे पाहणार आहोत, आणि त्यासाठी एक अगदी साधी वस्तू हातात घेणार आहोत. ती म्हणजे मेण.

आधी कामाची माहिती. हॉकीच्या काठीला मेण कशासाठी लावतात? लडाखमध्ये बर्फावर जी हॉकी खेळतात, तिथे काठीच्या पात्यावर कापडी टेप गुंडाळतात. टेप ओली झाली की तिच्यावर बर्फाचा चुरा साचतो आणि पाते जड होते. मेणाचा पातळ थर पाणी अडवतो, बर्फ चिकटू देत नाही, टेप जास्त दिवस टिकवतो आणि रबरी चकती पात्यावर थोडी धरूनही ठेवतो. याच लडाखच्या मुलींच्या जोरावर २०२५ साली भारताच्या महिला संघाने बर्फावरच्या हॉकीत आशिया चषकाचे कांस्यपदक आणले. आपल्या मैदानी हॉकीची लाकडी काठी तुतीच्या लाकडाची. तिचे दुखणे वेगळे. पाणी लाकडात मुरले की तंतू फुगतात आणि पाते चिरते. कर्जत-खालापुरात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. इथे लाकडाला संरक्षण हवेच.

मेण निवडायचे कसे? मेणबत्तीचे पॅराफिन स्वस्त असते, पण ठिसूळ. चेंडूचा मार बसला की त्याचे पापुद्रे निघतात. मधमाशीचे मेण चिवट असते, साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते आणि लाकडाच्या छिद्रांत बसते. काठी सावलीत पूर्ण वाळवायची, पॉलिश पेपर हलका फिरवायचा, धूळ पुसायची. मेण थेट विस्तवावर न ठेवता गरम पाण्यातल्या भांड्यात मऊ करायचे आणि त्यात थोडे जवसाचे तेल मिसळायचे. मग पात्याच्या दोन्ही बाजूंना व खालच्या कडेला अगदी पातळ हात द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी सुती कापडाने घासून काढायचे. मुठीला मेण लावायचे नाही, हात घसरतो. जाड थर दिला तर धूळ चिकटते. हे एवढेच शास्त्र. पण हे मेण येते कुठून, असे विचारले की इतिहास सुरू होतो.

ते येते आपल्याच डोंगरांतून. माथेरानच्या कड्यांना, भीमाशंकरच्या बाजूच्या रानात, उंच झाडांना आग्या मोहोळ लागते. धूर करून, दोराला लटकून ते उतरवणारे हात कातकरी आणि ठाकर बांधवांचे. मध पिळून घेतल्यावर उरलेले पोळे पाण्यात उकळतात, फडक्यातून गाळतात. पाणी निवले की वर मेणाची वडी जमते. या कामात जीव जातो, डोळे सुजतात. बाजारात मात्र मधाला नाव मिळते ते डोंगराचे किंवा दुकानाचे. पोळे उतरवणाऱ्याचे नाव बाटलीवर कधीच नसते.

कातकरी हे नावच कामावरून पडले आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. इंग्रजांनी १८७८ चा वन कायदा आणला, जंगल सरकारी झाले, आणि पिढ्यानपिढ्यांचा हा धंदा एका फटक्यात गुन्हा ठरू लागला. जंगलाचा जाणकार वीटभट्टीवरचा आणि कोळसाभट्टीवरचा उचल घेतलेला मजूर झाला. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकार 'विशेष असुरक्षित' मानते, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांसोबत कातकरी आहेत. ही असुरक्षितता रानाने दिलेली नाही. कायद्याने आणि सावकाराने ती तयार केली आहे.

जंगलातून मेण गावात आले की ते चर्मकाराच्या हातात जायचे. आरी, रापी आणि मेणाचा गोळा हे त्याचे भांडवल. दोरा मेणावरून ओढला की तो पाण्याने कुजत नाही, चामड्याच्या छिद्रातून सरकतो आणि टाका आवळून धरतो. क्रिकेटचा चेंडू याच विद्येवर उभा आहे. आत बूच आणि गुंडाळलेली लोकर, वर चामड्याचे तुकडे, त्यांना जोडणारी मेणलेल्या दोऱ्याची शिवण आणि शेवटी पाणी अडवणारी चकाकी. फाळणीनंतर सियालकोटचा क्रीडासाहित्याचा धंदा जालंधर आणि मेरठला आला. तिथे चेंडू शिवणाऱ्या, चामडे कमावणाऱ्या हातांत मोठा वाटा दलित कारागिरांचा राहिला. वरचे दुकान एकाचे, शिवण दुसऱ्याची.

आता पुण्याला चला. पळवणकर बाळू. घराणे मूळ कोकणातले, जातीने चर्मकार. १८९० च्या दशकात ते पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची निगा राखायला लागले. पगार महिना तीन-चार रुपये. रोलर फिरवायचा, जाळी बांधायची, खेळपट्टी तयार करायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा फलंदाज अधिकारी तासन् तास त्यांच्याकडून गोलंदाजी करून घेई. बॅट मात्र बाळूंच्या हाती कोणी दिली नाही. निगा राखणे त्यांचे काम, खेळणे दुसऱ्यांचे.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचे होते आणि बाळूंशिवाय ते जमेना. तेव्हा त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू झेलत आणि परत त्यांच्याच हाती देत. पण चहाची वेळ झाली की बाळू मंडपाबाहेर, त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात आणि जेवणाचे पान वेगळे. जरा थांबून विचार करा. चेंडू गाईच्या कातड्याचा. तो शिवणारा चर्मकार, फिरवणारा चर्मकार. त्या चेंडूचा विटाळ नाही, चहाच्या कपाचा मात्र आहे! याच पुण्यात पेशवाईत अस्पृश्याची थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून त्याच्या गळ्यात मडके बांधत, हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथात नोंदवले आहे. विटाळाला तर्क नसतो, सोय असते. जिथे जिंकायचे आहे तिथे तो उठतो, जिथे बरोबरीने बसायचे आहे तिथे परत बसतो.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते घरात आले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या रूपाने, १९२३ साली आणि तेही संघर्षानंतर. बाळू पुढे काँग्रेसच्या बाजूला गेले. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. आपण हे लपवायचे कारण नाही. राजकारणात त्यांची वाट आपली नव्हती. पण मैदानावरचा त्यांचा अपमान आणि त्यांचे कर्तृत्व, दोन्ही आपल्याच इतिहासाचा भाग आहेत.

हॉकीतली गोष्टही अशीच. १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक जिंकले. २९ गोल केले, एकही खाल्ला नाही. त्या संघाचा कर्णधार होता झारखंडचा मुंडा आदिवासी, जयपाल सिंग. हेच जयपाल सिंग पुढे बाबासाहेबांसोबत संविधान सभेत बसले. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांनी सभेत स्वतःला अभिमानाने 'जंगली' म्हणवून घेतले आणि आपल्या लोकांना लोकशाही शिकवण्याची गरज नाही, असे बजावले. गंमत पाहा, पुण्याच्या त्या ग्रेगसाहेबाचे टोपणनावही 'जंगली' होते, त्याच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून मित्रांनी लाडाने ठेवलेले. एकाला तो शब्द लाड म्हणून मिळाला. दुसऱ्याला तो शिवी म्हणून मिळाला आणि त्याने त्याची ढाल केली.

बाबासाहेब सांगतात की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. मेणाच्या या प्रवासात ते डोळ्यांनी दिसते. पोळे काढणारा, दोरा मेणणारा, मैदान सपाट करणारा आणि खेळणारा, हे चौघे एकाच साखळीत आहेत, पण साखळी अशी बांधली आहे की मान फक्त शेवटच्या कडीला मिळतो. आणि ज्ञान? २०२० मध्ये कोरोनामुळे चेंडूला थुंकी लावण्यावर बंदी आली, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या कुकाबुरा कंपनीने चेंडू चमकवायला मेणाचे साधन काढण्याची घोषणा केली. जगभर बातमी झाली. कंपनीने केले की त्याला तंत्रज्ञान म्हणतात, आपल्या आजोबाने केले की जातीचा धंदा.

यावर काही कार्यकर्ते विचारतील, बाबासाहेबांनी तर हीन लेखलेले धंदे सोडायला सांगितले, मग तुम्ही पुन्हा मेण आणि चामडे कशाला आठवता? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की आपल्याला धंद्यात परत जायचे नाही. बाबासाहेबांचा विरोध जन्माने गळ्यात मारलेल्या कामाला होता, हाताच्या कसबाला नव्हता. महाडला आपण पाणी भरण्याची नोकरी मागायला गेलो नव्हतो, तळ्यावरचा हक्क बजावायला गेलो होतो. १९२७ चे ते तळे याच जिल्ह्यातले, तेव्हाच्या कुलाब्यातले. मेणाबाबतही प्रश्न हक्काचाच आहे.

आणि तो हक्क कागदावर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत मध आणि मेण ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क वनवासी समाजांचा आहे. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे पेसा कायद्याचे संरक्षण कर्जत-खालापूरच्या वाड्यांना मिळत नाही. म्हणजे इथे वनहक्क कायदा हाच मुख्य आधार आहे. म्हणून वाडीच्या ग्रामसभेत बसून सामूहिक वनहक्काचा दावा तयार करणे, नकाशा जोडणे, जुन्या माणसांचे जबाब लिहून घेणे, हे आपल्या शिकलेल्या पोरांचे काम आहे. मेण विकणाऱ्याला भाव ठरवता आला पाहिजे, तरच मेणाचा इतिहास बदलेल.

दुसरे काम मैदानावरचे. भात कापून झाला की आपल्याकडे शेताशेतांत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. पाहत जा, खेळपट्टी कोण चोपतो, पाणी कोण आणतो, किटची बॅग कोण उचलतो आणि टॉसला कोण जातो. बऱ्याच ठिकाणी ही विभागणी न सांगताच ठरलेली असते. आपल्या मंडळांनी नियम करावा, की साहित्याची निगा प्रत्येक खेळाडू पाळीपाळीने राखेल, कर्णधारही त्यातून सुटणार नाही. आणि जो पोरगा वर्षभर रोलर ओढतो, त्याच्या हाती आधी बॅट द्यायची.

बाळूंना रोलर ओढता ओढता संधी हिसकावून घ्यावी लागली. आपल्या वस्तीतल्या, वाडीतल्या मुला-मुलींना ती हिसकावून घ्यावी लागू नये. काठीला मेण स्वतः लावा, पण ती काठी खेळायलाही स्वतःच्या हातात ठेवा.

जय भीम! जय संविधान!