अंतःपुर आणि छायाचित्रकार

रामायणातील कैकेयी अंगावरची आभूषणे फेकून क्रोधागारात जाऊन पडली, तेव्हा रुसण्यासाठी राजवाड्यात एक स्वतंत्र दालन असावे, ही गोष्ट त्या कथेच्या श्रोत्यांना काही नवलाची वाटली नसावी. फ्रान्समधील श्रीमंतांच्या घरांतून अठराव्या शतकात स्त्रियांचे जे खाजगी दालन रूढ झाले, त्याचेही नाव रुसण्यावरूनच पडले. ‘बुदे’ म्हणजे रुसणे, आणि रुसून बसण्याची जागा ती ‘बुद्वार’. दोन्ही दालनांचे मर्म एकच होते : तेथे स्त्रीच्या इच्छेचा अंमल चाले, आणि आत येणारा पुरुष, मग तो अयोध्येचा अधिपती का असेना, मनधरणी करावयासच येत असे. पुढे एकोणिसाव्या शतकात कॅमेरा या दालनाच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहिला, आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या परक्या माणसाला आत घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न उत्पन्न झाला. स्वतःची एकांतातील, आत्मविश्वासाने उजळलेली प्रतिमा काढून घ्यावी असे ज्या स्त्रीला आज वाटते, ती छायाचित्रकार निवडताना ज्या विवंचनेत पडते, ती विवंचना अशी दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहे.

१८५६ च्या जुलै महिन्यात पॅरिसमधील मेयर आणि पिअर्सन यांच्या चित्रशाळेत व्हर्जिनिया ओल्दोइनी, कास्तिल्योनेची काउंटेस, प्रथम आली, तेव्हा तिचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. इटलीच्या ऐक्यास तिसऱ्या नेपोलियनची अनुकूलता मिळावी या हेतूने पीडमॉन्टचा मुत्सद्दी कावूर याने तिला फ्रेंच दरबारी धाडले होते. सम्राटाशी तिचा संबंध जडला आणि लवकरच तुटला. पण पिअर्सनशी जुळलेला व्यवहार, मधल्या खंडांसह, १८९५ पर्यंत टिकला आणि त्यातून तिची चारशेहून अधिक छायाचित्रे निर्माण झाली. वेष कोणता, मुद्रा कोणती, कॅमेरा कोठून रोखावयाचा, चित्राला नाव काय द्यावयाचे आणि त्यावर रंग कसे चढवावयाचे, हे सारे ती स्वतः ठरवीत असे. एका सुप्रसिद्ध छायाचित्रात तिने एक लंबवर्तुळाकार चौकट डोळ्यासमोर धरली आहे आणि त्या चौकटीतून ती पाहणाऱ्याकडेच रोखून पाहत आहे. त्या काळी काचेवर कलोडियनचा ओला लेप देऊन, तो सुकण्यापूर्वीच चित्र घेऊन धुवावे लागे, आणि बसणाऱ्याला काही क्षण निश्चल राहावे लागे. त्यामुळे असे चित्र चोरून घेणे जवळजवळ अशक्यच होते, आणि उभयतांच्या सहकार्यावाचून ते सिद्धीस जात नसे. पिअर्सनचे मोठेपण मला याच ठिकाणी दिसते. राजदरबाराचा आश्रय लाभलेल्या त्या निष्णात कारागिराने आपले कौशल्य या स्त्रीच्या कल्पनेच्या सेवेस लावले. उतारवयात तिने घरातील आरसे झाकून टाकले होते असे सांगतात; परंतु केस विरळ झालेले आणि रूप ओसरलेले असतानाही ती पिअर्सनच्या कॅमेऱ्यापुढे मात्र येऊन बसली. आरशापुढे जी निर्भयता तिला लाभली नाही, ती एका माणसावरील विश्वासाने तिला दिली.

विश्वासाची हीच निकड आपल्या दक्षिणेत निराळ्या रूपाने प्रकट झाली. मराठवाडा ज्या निजामाच्या अमलाखाली होता, त्या सहाव्या निजामाच्या, महबूब अली खानांच्या, पदरी लाला दीनदयाळ हे छायाचित्रकार होते. पुढे ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ या किताबाने त्यांचा गौरव झाला. अंगी कला होती, दरबारची मर्जी होती, तरी पडद्यात वावरणाऱ्या बेगमांपुढे कॅमेरा घेऊन उभे राहण्याची मुभा त्यांना नव्हती, आणि ती कधी मिळण्यासारखीही नव्हती. म्हणून १८९२ साली त्यांनी हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना चित्रशाळा उघडली आणि तिची व्यवस्था श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती सोपविली. पुढे कलकत्त्यात अन्नपूर्णा दत्त यांनी पडदानशीन घराण्यांतील स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या घरी जाऊन काढण्याचा व्यवसाय केला. पडद्याची चाल स्त्रीच्या स्वातंत्र्याला जाचक होती, यात शंका नाही. परंतु कॅमेऱ्यामागे कोणाची दृष्टी आहे यावर बसणाऱ्या स्त्रीच्या मनाची मोकळीक अवलंबून असते, हे सत्य त्या चालीच्या पोटातून उघड झाले, आणि पडदा गेल्यावरही ते सत्य उरले.

तथापि सर्वांत बिकट प्रश्न चित्र निघाल्यानंतरचा होता. कारण कागदावरचे चित्र स्त्री घरी नेई, परंतु ज्या काचेवरून त्याच्या हव्या तितक्या प्रती निघत, ती काच छायाचित्रकाराच्याच दप्तरी राही. मेयर आणि पिअर्सन यांनी आपण काढलेल्या चित्रांची नक्कल करणाऱ्यांविरुद्ध फिर्याद केली. त्या चित्रांत कावूरचेही चित्र होते. छायाचित्र हीही कलाकृती ठरू शकते, असा निवाडा १८६२ साली देऊन फ्रेंच न्यायालयाने छायाचित्रकाराचा हक्क मान्य केला. परंतु ज्याची मुद्रा त्या काचेवर उमटली, त्याचा हक्क कोणता? १८६७ साली कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा याची आडा मेंकेन या अमेरिकन नटीबरोबरची सलगीची चित्रे छायाचित्रकाराने बाजारात विकली आणि पॅरिसभर बभ्रा झाला, तेव्हा वरिष्ठ न्यायालयाने ती विक्री थांबविली. आपण मूकपणे दिलेली संमती मनुष्याला परत घेता येते, हे तत्त्व त्यातून पुढे आले. १८८८ साली इंग्लंडात एका गृहिणीचे छायाचित्र छायाचित्रकारानेच नाताळच्या भेटकार्डावर छापून दुकानात मांडले. तेव्हा न्यायाधीशाने त्यास मनाई हुकूम दिला आणि काच ही केवळ ग्राहकाला प्रती पुरविण्यासाठी छायाचित्रकाराच्या स्वाधीन असते, असे सांगितले. म्हणजे ती एक प्रकारची अमानतच ठरली. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार, एखाद्याने मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसेल तर, तो काढवून घेणाराच असतो. ‘विरुद्ध करार नसेल तर’ हे चार शब्द मात्र प्रत्येक स्त्रीने ध्यानात ठेवावे आणि करारनाम्यावर सही करण्यापूर्वी तो अक्षरशः वाचावा. कारण तिचा हक्क बहुधा अशाच एखाद्या कलमात निसटलेला असतो.

फोटो काढल्याने आयुष्य कमी होते, अशी समजूत आपल्याकडे जुन्या पिढीत होती. शास्त्राच्या कसोटीस ती उतरत नाही. परंतु आपले काहीतरी परक्याच्या हाती जात आहे, ही त्या माणसांची जाणीव अगदीच निराधार नव्हती, हे वरील निवाड्यांवरून दिसते. आज काच गेली आणि तिच्या जागी संगणकातील प्रत आली, जिला जगभर पसरण्यास क्षणही पुरतो. म्हणून चिंता घटण्याऐवजी वाढलीच आहे. अशा वेळी छायाचित्रकाराच्या भिंतीवरील देखण्या चित्रांनीच दिपून जाण्यापेक्षा, त्याच्या खोलीत आणखी कोण हजर असेल, एखादी मुद्रा नको म्हटल्यास तो ते निमूटपणे मान्य करील काय, आणि मूळ प्रती कोणाच्या ताब्यात, किती काळ राहतील, हे त्याला आधी स्पष्ट विचारावे. ज्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्यापुढे कोणतीही स्त्री निर्भयपणे बसू शकणार नाही, आणि जिथे भय आहे तिथे तिची खरी मुद्रा चित्रात उतरणारच नाही.

कैकेयीने जे मागितले ते अनिष्ट होते. तरीही त्या दालनात दिलेला शब्द दशरथाने प्राण गेले तरी मोडला नाही. स्त्रीच्या एकांतात ज्याला प्रवेश मिळतो, त्याने तेथून बाहेर पडताना काय बरोबर न्यावे आणि काय तिथेच ठेवावे, याचा दंडक इतका जुना आहे. छायाचित्रकार निवडावयाचा तो हा दंडक पाळणारा.