गोल करणारा फुलबॅक आणि तळाला गेलेली मुंबई

१/
१४ जानेवारी २०१३ रोजी हॉकी इंडिया लीगचा पहिला हंगाम सुरू झाला. ‘मुंबई मॅजिशियन्स’ संघाच्या कर्णधाराने त्या हंगामात १२ सामन्यांत ११ गोल केले. हा कर्णधार आघाडीचा खेळाडू नव्हता. तो बचावपटू होता, संदीप सिंग. स्पर्धेत एकूण पाच संघ होते आणि मुंबई पाचवी आली.

२/
ज्याचे काम गोल वाचवण्याचे, तोच संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. तरीही संघ तळाला. ही विसंगती समजून घ्यायची, तर भारतीय हॉकीतील फुलबॅकचा इतिहास पाहावा लागतो. चढाईची ओढ असलेल्या तरुण बचावपटूला बांधून ठेवावे की मोकळे सोडावे, हा प्रत्येक प्रशिक्षकापुढचा जुना पेच त्या इतिहासात दडलेला आहे.

३/
रायगडच्या किनाऱ्यावर हा पेच कोणाला समजावून सांगावा लागत नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात गावोगाव कबड्डी खेळली जाते. कोपऱ्यातला रक्षक चढाईपटूच्या घोट्यावर झेपावतो. झेप साधली तर गडी बाद. क्षणभर आधी झेपावला तर तो स्वतः बाद होतो आणि त्याच्या मागची बाजू उघडी पडते. म्हणून जाणता खेळाडू कोपऱ्यातल्या पोराला “झेपावू नकोस” असे सांगत नाही. शेजारचा गडी साखळीत आहे की नाही ते आधी बघ, असे सांगतो.

४/
कबड्डीच्या नियमातही या धाडसाला मोल आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी रक्षक उरले असताना पकड झाली, तर संघाला एक ज्यादा गुण मिळतो. अडचणीतल्या संघाने नुसते अंग चोरून उभे राहू नये, हाच त्या नियमाचा अर्थ. मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरले, की चर्चगेटजवळचे हॉकी स्टेडियम पायी गाठता येते. खाडीपलीकडच्या त्या मैदानावरही प्रश्न हाच होता; हाती फक्त काठी होती.

५/
जुन्या हॉकीत संघाची मांडणी ठरलेली असे: पुढे पाच, मध्ये तीन, मागे दोन फुलबॅक आणि गोलरक्षक. फुलबॅक म्हणजे भक्कम अंगाचा, चेंडू दूर टोलवणारा गडी. पण त्याच्या टोल्यात जी ताकद होती, तीच शॉर्ट कॉर्नरला उपयोगी पडत असे. म्हणून पंचांनी कॉर्नर दिला की मागचा फुलबॅक प्रतिस्पर्ध्याच्या डी-पर्यंत चालत येई, फटका मारी आणि परत आपल्या जागी जाई.

६/
भारताच्या अनेक मोठ्या विजयांवर या फुलबॅकची मोहोर आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्धच्या ४-० विजयात एक गोल फुलबॅक त्रिलोचन सिंग यांचा होता. १९५६ मध्ये मेलबर्नला पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात एकच गोल झाला, तोही फुलबॅक रणधीर सिंग जेंटल यांनी केला. १९६० च्या दशकात पृथीपाल सिंग यांच्या फटक्याचा धाक प्रतिस्पर्धी गोलरक्षकांच्या मनात बसलेला असे.

७/
मात्र प्रशिक्षणाच्या दृष्टीने सर्वात बोलका प्रसंग १९७५ चा. क्वालालंपूरच्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात भारत मलेशियाविरुद्ध १-२ ने मागे होता आणि वेळ संपत आली होती. अनुभवी बचावपटू मायकेल किंडो यांच्या जागी अस्लम शेर खान या तरुण फुलबॅकला मैदानात पाठवण्यात आले. त्याने गळ्यातल्या ताईताचे चुंबन घेतले आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरीचा गोल केला. जादा वेळेत हरचरण सिंग यांच्या गोलने भारत जिंकला आणि पुढे विश्वविजेता झाला. अंतिम सामन्यातला एक गोलही फुलबॅक सुरजीत सिंग यांचाच.

८/
संघ हरत असताना बाकावरच्या नवख्या बचावपटूला गोल करण्यासाठी उभे करणे, हा निर्णय चुकला असता तर तो व्यवस्थापनाच्या माथी बसला असता. बलबीर सिंग सीनियर त्या संघाचे व्यवस्थापक आणि गुरुचरण सिंग बोधी प्रशिक्षक होते. अस्लमचा गोल सर्वांच्या लक्षात राहिला. त्याला त्या क्षणी मैदानात पाठवणाऱ्यांची नावे फार थोड्यांना आठवतात.

९/
१९८१ च्या डिसेंबरअखेर विश्वचषक मुंबईत आला. १२ जानेवारी १९८२ रोजी पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला हरवून तो जिंकला. भारत पाचवा राहिला. पण स्पर्धेत सर्वाधिक १२ गोल करणारा खेळाडू भारतीय होता: पेनल्टी कॉर्नरचा बादशहा राजिंदर सिंग. अर्थात २०१३ ची विसंगती मुंबईला नवी नव्हती. कॉर्नरवरचे गोल भरपूर होते, तरी तेवढ्यावर पदक मिळत नव्हते.

१०/
त्यानंतर खेळच बदलला. कृत्रिम मैदानाने वेग वाढवला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑफसाइडचा नियम गेला. आता प्रतिस्पर्ध्याचा आघाडीवीर फुलबॅकच्या पाठीशी, थेट गोलजवळ उभा राहू शकत होता. त्यामुळे पुढे गेलेल्या फुलबॅकच्या मागची रिकामी जागा पूर्वीपेक्षा कितीतरी घातक झाली.

११/
याच काळात ड्रॅग फ्लिकचे युग आले. पेनल्टी कॉर्नरचा पहिला फटका काठीने मारलेला असेल, तर तो गोलात ४६ सेंटिमीटरहून अधिक उंच जाता कामा नये. चेंडू काठीवर ओढत नेऊन भिरकावला, तर ही मर्यादा लागत नाही. वाकलेली कंबर, लांब पाऊल आणि मनगटाचा झटका यांतून चेंडू गोलच्या वरच्या कोपऱ्यात जातो. पाकिस्तानचे फुलबॅक सोहेल अब्बास यांनी ३४८ आंतरराष्ट्रीय गोल केले, ते प्रामुख्याने याच कौशल्यावर.

१२/
आता प्रशिक्षकाचे गणित पाहावे. मैदान ९१.४ मीटर लांब. फ्लिक घेणारा बचावपटू डी-च्या टोकावर उभा असतो, म्हणजे स्वतःच्या गोलपासून सुमारे ७५ मीटर दूर. कॉर्नर अडवायला प्रतिस्पर्ध्याचे गोलरक्षकासह पाच जण असतात. उरलेले सहा मध्यरेषेपलीकडे सुटण्याच्या तयारीत असतात. फ्लिक अडली आणि चेंडू लांब टोलवला गेला, की धावाधाव सुरू होते. त्या वेळी फ्लिकरची जागा कोण सांभाळणार, हे कॉर्नर घेण्याआधीच ठरलेले असावे लागते.

१३/
म्हणून अशा तरुणाला घडवणे म्हणजे केवळ त्याची फ्लिक घोटवून घेणे नव्हे. पहिली गोष्ट, त्याच्या बाजूच्या हाफने मागे सरकण्याची सवय सगळ्या संघाने अंगी बाणवायची. दुसरी, पुढे केव्हा जायचे हे त्याला ओळखता यायला हवे. आपला ताबा पक्का असताना जाणे वेगळे आणि पिछाडीच्या घाईने जाणे वेगळे. तिसरी, फ्लिकने कंबरेवर भार पडतो, म्हणून सराव मोजून द्यायचा. आणि चौथी सर्वात अवघड: त्याच्या चुकीवर गोल झाला तरी पुढच्या सामन्यात त्याला बाकावर बसवायचे नाही. हरणाऱ्या संघाला नेमके हेच जमत नाही.

१४/
२०१३ ची मुंबई या चौकटीत पाहिली की उलगडा होऊ लागतो. संदीप सिंग हा जिद्दीचा माणूस. २००६ मध्ये विश्वचषकासाठी संघाकडे जाताना रेल्वेत सुरक्षारक्षकाच्या बंदुकीतून चुकून सुटलेली गोळी त्याला लागली. त्यातून सावरून तो भारताचा कर्णधार झाला. २०१२ च्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने पाच गोल केले. मुंबईचे प्रशिक्षक होते ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली ऑस्ट्रेलियाच्या महिलांनी १९९६ आणि २००० चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले होते.

१५/
पण हंगामाच्या तोंडावरच संघाला खिंडार पडले. जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेवरील तणावानंतर मुंबईत निदर्शने झाली आणि लीगमधील पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवण्यात आले. त्यांतले चार मुंबईच्या संघातले होते. घडी बसण्याआधीच विस्कटलेल्या संघात फ्लिकर गोल करत राहिला, पण त्याच्या गोलांना पुरी पडेल अशी साखळी उभी राहिली नाही. पुढच्या हंगामात संदीप पंजाबकडे गेला. मुंबईला तेव्हाही उपांत्य फेरी गाठता आली नाही आणि संघ बंद झाला.

१६/
२०१५ मध्ये शहराला नवा संघ मिळाला: ‘दबंग मुंबई’. त्यात १९ वर्षांचा एक बचावपटू होता. अमृतसर जिल्ह्यातल्या तिम्मोवाल गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, हरमनप्रीत सिंग. आदल्या वर्षी सुलतान ऑफ जोहोर चषकात त्याने ९ गोल केले होते. वरिष्ठ भारतीय संघातले त्याचे पदार्पण अजून व्हायचे होते.

१७/
मुंबईचे दैव मात्र लगेच पालटले नाही. २०१५ मध्ये उपांत्य फेरी हुकली, २०१६ मध्येही हुकली. त्यात २०१६ पासून लीगने नियम केला, की मैदानी गोल दोन गोलांच्या बरोबरीचा आणि पेनल्टी कॉर्नरवरचा एकाच्याच. फ्लिकरचा भाव एका फटक्यात अर्धा झाला. अशा वेळी बचावपटूचे मोल त्याच्या फ्लिकवर नव्हे, तर मागून चढाई रचण्यावर ठरते: चेंडू हिसकावणे, मान वर करून पाहणे आणि लांब पासने आघाडीला मोकळे करणे.

१८/
संघ हरत असतानाही त्या तरुणाला खेळायला मिळत राहिले. २०१६ च्या अखेरीस लखनौला ज्युनियर विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जे स्टेसी प्रशिक्षक असताना दबंग मुंबईने अंतिम फेरी गाठली. चंडीगडला कलिंगा लान्सर्सने त्यांना ४-१ ने हरवले. करंडक आला नाही. पण तळाची मुंबई अखेरच्या दिवशी मैदानात उभी होती.

१९/
त्यानंतर लीगच थांबली आणि काही वर्षे थांबूनच राहिली. हरमनप्रीत मात्र पुढे गेला. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने ६ गोल केले आणि भारताने ४१ वर्षांनी पदक जिंकले. पॅरिसमध्ये २०२४ साली तो कर्णधार होता. ८ ऑगस्टला कांस्यपदकाच्या सामन्यात भारताने स्पेनला २-१ ने हरवले. दोन्ही गोल त्याचे, दोन्ही पेनल्टी कॉर्नरवर. स्पर्धेतले त्याचे एकूण गोल १०.

२०/
त्याच स्पर्धेतला ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना या साऱ्या इतिहासाचे सार सांगतो. १७ व्या मिनिटाला बचावपटू अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. उरलेला सामना भारत दहा जणांनिशी खेळला. मध्यफळीतला मनप्रीत सिंग मागे आला आणि बचावात उभा राहिला. पाठ राखली गेली म्हणून हरमनप्रीत पुढे जाऊ शकला. त्याच्या कॉर्नरवरच्या गोलने भारताने १-० आघाडी घेतली, ब्रिटनने १-१ अशी बरोबरी साधली आणि शूटआउटमध्ये भारत जिंकला. प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांचे सूत्रच होते: जिंकण्यासाठी बचाव. त्यांच्या संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू फुलबॅक होता, हा योगायोग नव्हे.

२१/
डिसेंबर २०२४ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. ज्या शहराने १९८२ चा विश्वचषक भरवला आणि ज्याच्या संघात हरमनप्रीतचे उमेदीचे हंगाम गेले, त्या शहरातल्या मुलांना आज आपला म्हणावा असा व्यावसायिक संघ नाही. उद्या असा संघ उभा राहिला, तर तोही काही काळ हरेलच. तेव्हा त्याच्या फुलबॅकने गोल किती केले, ही मोजणी नंतरची. तो पुढे गेल्यावर मागे कोण सरकले, हे आधी पाहावे लागेल. अलिबागच्या कबड्डीच्या मैदानावर कोपऱ्यातल्या पोरालाही हेच शिकवले जाते.

(समाप्त)