अनाहिता

प्राचीन इराणमधील जलदेवता. नद्या, वृष्टी, संतती आणि रणातला विजय ही तिची क्षेत्रे. अवेस्ता या झरथुश्त्री धर्मग्रंथात तिचे पूर्ण नाव अरेद्वी सूरा अनाहिता असे असून त्यातले तिन्ही शब्द मुळात विशेषणे होत. त्यामुळे मूळ नाव लुप्त झाले असावे आणि ते वैदिक सरस्वतीशी जुळणारे असावे, असे हेर्मान लोमेल यांनी सुचविले. ते बऱ्याच अभ्यासकांना पटले असले, तरी त्याला थेट पाठाधार नाही. धर्मसंस्थापक झरथुश्त्राच्या गाथांत तिचा उल्लेख येत नाही.

आबान यश्त : तिच्याविषयीची बहुतेक माहिती अवेस्तातील या पाचव्या यश्तातून (स्तोत्रातून) मिळते. ती हुकैर्य पर्वतावरून वोउरुकश समुद्रात कोसळणारी नदी आहे, आणि त्याच वेळी उंच बांध्याची, कमर कसलेली तरुणीही आहे. तिच्या मस्तकी शंभर ताऱ्यांचा सुवर्णमुकुट, अंगावर बीव्हरच्या कातड्याचे वस्त्र. थंड प्रदेशातल्या प्राण्याचे हे कातडे वर्णनात कोठून आले, यावर बराच खल झाला आहे. तिच्या रथाचे चार घोडे म्हणजे वारा, पाऊस, मेघ आणि गारठलेला पाऊस.

यश्ताचा मोठा भाग याचकांच्या यादीने व्यापला आहे. हओश्यंघ, यिम, थ्रएतओन, केरेसास्प असे वीर शंभर घोडे, हजार बैल आणि दहा हजार मेंढ्यांचा बळी देऊन वर मागतात व तो मिळवतात. तीन तोंडांचा अझि दहाकही तेवढाच बळी देतो; पृथ्वी निर्मनुष्य करण्याचा त्याचा वर मात्र ती नाकारते. थ्रएतओनाने गिधाडाच्या रूपात आकाशात भिरकावलेला नावाडी पाउर्व तीन दिवस, तीन रात्री उडत राहतो. शेवटी तो तिचा धावा करतो आणि ती त्याला दंड धरून घरी पोचवते. खुद्द अहुर मज्द आणि झरथुश्त्र यांनीही तिचे यजन केल्याचे यश्त सांगते. त्यांच्या अर्पणात दूधमिश्रित हओम (पवित्र वनस्पतीचा रस) आहे, पशुबळी नाही. जुन्या लोकपूजेला नव्या धर्मात बसवण्याचा संपादकांचा खटाटोप येथे उघड दिसतो.

राजाश्रय : हखामनी (अकेमेनिड) राजांच्या शिलालेखांत आधी अहुरमज्दा हे एकच देवनाम येते, इतर देव असले तर अनाम. अर्तक्षत्र दुसरा (कार. इ. स. पू. ४०४–३५८) याच्या सूसा व हमदान येथील लेखांत प्रथमच अहुरमज्दा, अनाहिता आणि मिथ्र यांची एकत्र नावे आढळतात. बेरोसस या बॅबिलोनी लेखकाच्या मते याच राजाने बॅबिलोन, सूसा, एकबाताना, दमास्कस, सार्डिस इ. नगरांत तिच्या मूर्ती बसविल्या. मूर्तिपूजा नसलेल्या धर्मात हा मोठाच बदल होय. त्यामागे बॅबिलोनच्या इश्तारचा प्रभाव असावा.

सासानी काळात इस्तख्र येथील तिच्या अग्निमंदिराशी राजघराण्याचा निकटचा संबंध होता. इतिहासकार तबरीच्या मते सासानी वंशाचा संस्थापक अर्दशीर याचा आजा सासान तेथील व्यवस्थापक होता. तिसऱ्या शतकात धर्माधिकारी कर्तीर याने हे पद आपल्याला मिळाल्याचे स्वतःच्या लेखात कोरून ठेवले आहे. ताक-ए-बोस्तान येथील शिल्पात हातातल्या घड्यातून पाणी ओतणारी स्त्री अनाहिता मानली जाते. नक्श-ए-रुस्तम येथे राजा नरसेहला कडे देणारी स्त्री देवी की राणी, याबद्दल एकमत नाही. कंगावर येथील अवशेष दीर्घकाळ तिचे मंदिर म्हणून दाखविले जात. ती वास्तू सासानी राजवाडा असावी, असेही मत आहे.

इराणबाहेर : लिडियात ती आर्टेमिस अनाइतिस म्हणून, तर आर्मेनियात अनाहित म्हणून पूजली जाई. आर्मेनियातील तिची सोन्याची मूर्ती मार्क अँटनीच्या सैनिकांनी लुटल्याचे थोरल्या प्लिनीने नोंदविले आहे.

पारशी परंपरा : पंचांगातील आठवा महिना व प्रत्येक महिन्याचा दहावा दिवस आबानचा, म्हणजे याच जलदेवतेचा. आबान महिन्यात आबान दिवस आला, की आवां (आबान) यझदचे परब (सण) असते. या दिवशी पारशी समुद्रावर किंवा विहिरीवर प्रार्थना करून साखर, नारळ व दारनी पोरी (डाळीचे गोड पक्वान्न) अर्पण करतात. मुंबईत चर्चगेटजवळील भिखा बेहराम विहिरीवर (१७२५) या दिवशी विशेष गर्दी असते.

फार्सीत शुक्र ग्रहाला नाहीद म्हणतात; ते अनाहिता याच नावाचे रूप आहे.