टाकी, फासे आणि हजेरी

मंगरुळपीर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात माझ्या आजीच्या जात्याला टाकी लावायला एक टाकणकर येत असे. आजी त्याला ज्वारी देई, ओंजळीत वरून पाणी घाली आणि तो वेशीबाहेर गेला की घरातली भांडी मोजी. भांडी कधी कमी भरली नाहीत, पण मोजणेही कधी थांबले नाही. माणूस गुन्हा का करतो याविषयी आजीचा एक सिद्धान्त होता. तो तिच्यापर्यंत कसा आला, हे शोधताना मी वऱ्हाडच्या पोलिसी वाङ्मयापाशी पोहोचलो.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. वाशिम, म्हणजे त्यांच्या कागदांतले बासीम, हा त्यातला एक जिल्हा. तो १९०५ मध्ये मोडला आणि १९९८ मध्ये पुन्हा झाला. १८८२ मध्ये मेजर गन्थॉर्प यांनी मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या ‘गुन्हेगार जमातीं’वर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचे जातिवर्णनाचे खंड आले. त्यांतल्या पारध्यांवरच्या प्रकरणात शिकार, जात्याची टाकी आणि चोरी अशा गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत, जणू तिन्ही एकाच घरातले धंदे.

या वर्गवारीला कायद्याचे बळ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दिले. आरंभी तो उत्तरेकडच्या प्रांतांपुरता होता, १९११ मध्ये त्याची कक्षा देशभर झाली. त्यामागचा विचार साधा होता : सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर. ‘जन्मजात गुन्हेगार’ या कल्पनेशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या इटलीच्या लोम्ब्रोसोचा ग्रंथ १८७६ चा, म्हणजे या कायद्याच्या पाच वर्षांनंतरचा. लोम्ब्रोसोला निदान कवट्या मोजाव्या लागल्या. इथे जात विचारली की काम भागत होते.

ज्यांची नोंद झाली, त्यांच्यावर हजेरीचे आणि फिरण्याचे निर्बंध आले. परवान्याशिवाय हद्द सोडणे हाच गुन्हा ठरला. आता टाकणकराचा विचार करा. एका गावात जाती किती आणि त्यांना टाकी लागते वर्षातून किती वेळा? त्याचे पोट दहा गावे फिरण्यावर होते. फासेपारध्याचे माळरानावर होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, वऱ्हाडी कापसाला भाव आला आणि नांगर माळावर चढू लागला. ज्यांचे श्रद्धास्थान याच जिल्ह्यात पोहरादेवीला आहे, त्या बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे धान्य आणि मीठ वाहत. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि त्या वाहतुकीचा आधार खचत गेला.

रॉबर्ट मर्टन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये मांडले, की समाज ध्येये सर्वांपुढे ठेवतो, पण ती गाठण्याचे सरळ मार्ग सर्वांना देत नाही. गुन्हा त्या फटीतून उगवतो. वऱ्हाडला हे लागू पडते. कुणी चोऱ्या केल्याच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. पण हे उत्तर मला अर्धेच वाटते. १९६३ मध्ये हॉवर्ड बेकरने प्रश्नच फिरवला : एखाद्या कृत्याला गुन्हा कोण ठरवते आणि शिक्का कोणावर बसतो? चोरी झाली की आधी पालांवर धाड पडते. जिथे शोधावे तिथेच काहीतरी सापडते, सापडलेले नोंदवहीत चढते आणि पुढच्या धाडीला तीच नोंदवही पुरावा होते.

फाशाचेही तसेच झाले. पारध्याचे पिढीजात कसब १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरले. आज कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट राखले जाते. ते राखलेच पाहिजे. पण ज्याचे कसब गेले, त्याच्या हाती दुसरे काय दिले, हा हिशेब कुठल्या सिद्धान्तात बसवायचा?

अनंतशयनम् अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आला. त्यात जात नव्हती, व्यक्ती होती. कागदावर हा फरक फार मोठा आहे. टाकणकरांचे नाव आज अनुसूचित जमातींच्या यादीत पारध्यांबरोबर आहे. जुन्या यादीने पहारा दिला होता, नवी सवलती देते.

कायदा रद्द झाला तेव्हा माझी आजी चाळिशीत होती. ही बातमी तिला कुणी सांगितली नाही. सांगितली असती तरी तिने भांडी मोजणे सोडले असते का, याची मला खात्री नाही. कारण मोजताना मीच तिच्या शेजारी बसून आकडे म्हणत असे, आणि आकडा बरोबर आला की आम्हा दोघांनाही वाटे, की आज थोडक्यात वाचलो.