कसबा आणि क्रीडेचे पाहुणे

परगांवचा मनुष्य सामना पाहावयास म्हणून एखाद्या शहरीं येतो, तेव्हां तो त्या शहराचा पाहुणा होतो कीं केवळ तेथील मैदानाचा, हा प्रश्न २०२३ सालीं विश्वचषकाच्या क्रिकेटचे पांच सामने पुण्याच्या वांट्यास आले त्या वेळीं आम्हांस पडला. १९ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर या अवधींत बांगलादेशापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आठ परदेशांचे संघ येथें खेळून गेले. खेळ पुण्याच्या नांवानें झाला खरा. पण झाला तो गहुंज्यास, द्रुतगति मार्गाच्या कडेला, कसब्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरांवर. पाहुणा विमानतळावरून हॉटेलांत, हॉटेलांतून गहुंज्यास, आणि आल्या वाटेनें परत. पुणें त्यानें पाहिलें तें मोटारीच्या कांचेंतून.

पूर्वीं असें नव्हतें. १९९६ च्या विश्वचषकांत २९ फेब्रुवारी रोजीं केनियानें वेस्ट इंडीजला हरविलें, तो सामना सारसबागेशेजारच्या नेहरू स्टेडियमवर झाला. केनियाच्या १६६ धावा, आणि लारा-रिचर्डसनांचा संघ अवघ्या ९३ धावांत गारद! त्या मैदानापासून कसबा पायीं अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. खेळ संपला कीं प्रेक्षक आपोआप जुन्या पेठांत शिरे. २०१२ सालीं गहुंज्यास आंतरराष्ट्रीय सामने सुरू झाले. प्रशस्त, देखणें मैदान मिळालें, आणि पाहुण्याची व गांवाची ताटातूट झाली. २०१८ च्या एप्रिलांत कावेरीच्या वादामुळें चेन्नईच्या संघाचे घरचे सामने पुण्यास आणावे लागले, तेव्हां त्यांच्या चाहत्यांसाठीं चेन्नईहून खास आगगाडी आली. इतक्या दुरून हौसेनें आलेल्या त्या मंडळींतील कितींनीं कसब्यांत पाऊल टाकलें असेल?

इंग्लंड व नेदरलंड्स यांच्या सामन्यास आलेले एक डच गृहस्थ, आमच्या जुन्या विद्यार्थ्याचे स्नेही, दुसरे दिवशीं आम्हांकडे सोंपविले गेले. दिवस वसुबारसेचा होता. आम्ही त्यांस एकच अट घातली, कीं मोटार शनिवारवाड्यापाशीं सोडावयाची आणि पुढें पायीं चालावयाचें. (त्या वेळीं भुयारी मेट्रो इकडे आली नव्हती. २०२४ च्या सप्टेंबरांत ती या भागांत सुरू झाली व कसबा पेठेच्या नांवाचें एक स्थानकही झालें. आतां मोटारीची सबब उरली नाहीं.) वाटेंत त्यांस एवढेंच सांगितलें, कीं शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला आणि १८२८ च्या आगींत आंतील महाल जळाले, परंतु हा वाडा उभा राहिला तेव्हां कसबा म्हातारा झाला होता. राष्ट्रकूटांच्या इ. स. ७५८ व ७६८ च्या ताम्रपटांत ‘पुण्य विषय’ व ‘पूनक विषय’ अशीं नांवें आहेत. एवढें जुनें हें गांव १६३० च्या सुमारास मुरार जगदेवानें जाळून टाकिलें व त्यावर गाढवांचा नांगर फिरविला. पुढें जिजाबाईंनीं तें वसविलें व गणपतीचें देऊळ बांधलें. तोच कसबा गणपति आजही गांवाचें दैवत आहे व विसर्जनाच्या मिरवणुकींत पहिला मान त्याचा आहे.

लालमहालापाशीं मात्र आमची पंचाईत झाली. शेजारीं कोणी वाटाड्या आपल्या परप्रांतीय मंडळीस छातीठोकपणें सांगत होता कीं, शाएस्तेखानाचीं बोटें तुटलीं तीं याच भिंतींच्या आंत. आमच्या पाहुण्यांनीं विचारिलें, “ही इमारत किती वर्षांची?” क्षणभर मोह झाला. ५ एप्रिल १६६३ ची ती रात्र सांगून पुढें सटकणें सोपें होतें, आणि खोटें असें कांहीं बोलावेंही लागलें नसतें. पण पाहुण्यास अर्धें सांगणें म्हणजे फसविणेंच. आम्ही म्हणालों, “पस्तीस वर्षांची. मूळचा वाडा केव्हांच नष्ट झाला. हा महानगरपालिकेनें १९८८ सालीं पुरा केला.” त्यांची निराशा होईल असें वाटलें होतें. ते उलट म्हणाले, “मग जुनें काय आहे तें दाखवा.”

जुनें दाखविणें हेंच कठीण. कारण कसब्याचें जुनेपण इमारतींत थोडें आणि रस्त्यांच्या वळणांत, नांवांत व धंद्यांत फार. पवळे चौकाजवळ गांवकोस मारुतीचें लहानसें देऊळ आहे. तट गेला, पण गांवाची शीव कोठें होती हें मारुति अद्यापि सांगतो. साततोटीच्या चौकाचें नांव हौदाच्या सात तोट्यांवरून पडलें. नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजचें पाणी नळानें शहरांत आणलें, तें असल्याच हौदांतून लोकांस मिळे. आज तेथें पाणी भरावयास कोणी येत नाहीं, तरी रिक्षावाल्यास ‘साततोटी’ म्हटलें कीं पुरे. कुंभारवाड्यांत पणत्यांचे ढीग लागले होते व खरेदीस आलेल्या बायकांच्या गर्दींतून वाट काढतां काढतां पाहुण्यांची टोपी पडली, ती एका मुलानें धांवत आणून दिली.

शेवटीं तांबट आळी. येथील तांबट पेशवाईंत वसले. यंत्राचीं भांडीं आलीं, स्टील आलें, प्लॅस्टिक आलें, घरें कमी झालीं, पण हातोड्यांचा आवाज पुरता थांबलेला नाहीं. तांब्याच्या पत्र्यावर ठोका शेजारीं ठोका घालीत जें मठारकाम करितात, त्यानें पत्रा टणक होतो व त्यास झळाळी येते. पाहुण्यांनीं एक तांब्या घेतला आणि त्यावरचे ठोके बोटानें मोजावयास आरंभ केला. पन्नाशीच्या पुढें त्यांचा हिशेब चुकला. कारागीर हंसला, त्यानें दुसरें भांडें पुढें ओढलें आणि तो पुन्हां कामास लागला.