रक्तातला विळा



जिनात आमच्यासंगं एक पोरगा होता. वय माझ्याच एवढं. एप्रिलमधल्या दुपारपाळीत डोक्यावर कापसाची टोपली घेऊन येता येता तो मटकन खाली बसला. मांड्या, पाठ, छाती, कुणी मुसळानं हाडं कुटावी तसा ओरडायला लागला. मुकादम म्हणाला, "नाटक हाये, कामचोर हाये सायाचा." घरच्यांनी सांगितलं, बाहेरचं लागलं. डोळे पिवळे दिसले म्हणून काविळीची माळ घातली. म्हातारी म्हणाली, वात हाये. आम्ही सोबतचे म्हणालो, पेला असंल. मीही म्हणालो, ते इथं लिहून ठेवतो. तो दारूला शिवतही नव्हता हे नंतर कळलं. दोन वर्षांनी कुणीतरी त्याचं रक्त तपासलं. सिकलसेल निघाला.

एका दुखण्याला आम्ही इतकी नावं दिली, आणि एकही त्याच्या रक्तातून आलं नव्हतं. सगळी आमच्या डोक्यातून आली होती.

तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं. त्यात एका ठरलेल्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला पाहिजे, तिथं व्हॅलिन येऊन बसतं. एवढाच फरक. पण प्राणवायू कमी पडला, अंगातलं पाणी आटलं, की गोल पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते, बारक्या रक्तवाहिनीत अडकते. पुढं रक्त पोचत नाही आणि माणूस किंचाळतो. आता आमचं जिन बघा. वरून पत्रा तापलेला, नाकातोंडात तूस, अंगातून घामाची धार. जळगाव जामोदच्या डोक्यावर सातपुडा आहे, पण खाली पूर्णेकडं खारपाणपट्टा. बोअरचं पाणी मचूळ. तहान लागली तरी माणूस दोन घोटांवर थांबतो. पेशी आईबापांनी दिली हे खरं. ती कोणत्या दिवशी वाकायची हे मात्र पाळी ठरवते, पाणी ठरवतं.

या रोगाचा इतिहास वाचताना मला वाटलं, हा आपलाच इतिहास आहे. १९१० साली शिकागोच्या हेरिक नावाच्या डॉक्टरानं वाकलेल्या पेशींवर पहिल्यांदा लिहिलं. रोगी होता ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला एक काळा विद्यार्थी. झालं, अमेरिकेनं याला काळ्यांचा रोग ठरवून टाकलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंगनं दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५४ मध्ये अ‍ॅलिसननं आफ्रिकेतून पुरावा आणला: ज्याला हा दोष एकाच पालकाकडून मिळतो, त्याला जीवघेणा मलेरिया सहसा मारू शकत नाही. म्हणजे एकेकाळी हे रक्त ढाल होतं. १९५८ मध्ये लिव्हिंगस्टननं आणखी पुढचं सांगितलं. पश्चिम आफ्रिकेत माणसानं शेतीसाठी जंगल तोडलं, उन्हात डबकी साचली, डास वाढले, आणि डासांमागून हे रक्त वाढलं. माणसाच्या कुऱ्हाडीनं माणसाचं रक्त बदललं.

आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष पहिल्यांदा सापडला. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये टिपण छापलं. दीक्षाभूमीवरच्या धर्मांतराला तेव्हा दोन वर्षंही पुरती झाली नव्हती. पुढं तक्ते निघत गेले: गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा आणि महार यांच्यात जास्त, इतर काही जातींत कमी. तक्ता खोटा नाही. पण तो वाचून कुणी म्हणेल, यांचं रक्तच हलकं, तर त्याला विचारा, डास काय जात पाहून चावला?

रक्त जातीत अडकलं, कारण माणसं जातीत अडकवली. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी हेच मांडलं होतं: जातीचं मूळ आपसातल्याच लग्नात आहे. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, आपल्याच वयाचे. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तर त्यांनी नाकाच्या मापांच्या आधारेच दाखवलं की अस्पृश्य हा काही वेगळा वंश नव्हे. २०१३ साली हैदराबादच्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातली माणसं एकमेकांत सर्रास मिसळत होती, आणि मग ते मिसळणं थांबलं. जी भिंत बाबासाहेबांनी ग्रंथांतून शोधली, ती यांना रक्तात सापडली.

आता जरा आपल्याकडं पाहू, राग आला तरी चालेल. आपण देव सोडले, कुंडली सोडली. पण सोयरीक आली की म्हातारे हळूच विचारतातच: बावणे का लाडवण? सोमवंशी का कोसरे? आणि मामाच्या पोरीवरचा हक्क तर आपल्याला पाचव्या शिलाहून पक्का पाठ आहे. दोघंही वाहक असले तर दर खेपेला चारात एक मूल आजारी जन्मण्याची शक्यता. एकाचंच रक्त तसं असेल आणि दुसऱ्यात असा कोणताच दोष नसेल, तर हा आजार होत नाही. १९३६ मध्ये 'जातिप्रथेचं उच्चाटन' लिहिताना बाबासाहेबांनी आंतरजातीय लग्न हाच खरा उपाय सांगितला. तो त्यांनी समाजासाठी सांगितला होता. आपल्या पोरांच्या हाडांनाही तो लागू पडतो.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं अमेरिकेच्या ब्लॅक पँथरचं. त्या ब्लॅक पँथरनं १९७१ पासून काळ्यांच्या वस्त्यांत जाऊन सिकलसेलच्या तपासण्या केल्या. सरकारनं दुर्लक्ष केलं म्हणून सुई स्वतः हातात घेतली. आपण त्यांची गर्जना घेतली, सुई राहून गेली. पण त्यांच्याकडचा दुसरा धडाही विसरू नका. तपासणीतून तिथं बहिष्कारही निघाला. नुसत्या वाहकांना, ज्यांना सहसा काही त्रास नसतो त्यांनाही, हवाई दलाच्या अकादमीत १९८१ पर्यंत घेत नव्हते. आपल्याकडं १ जुलै २०२३ ला शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंतची मुदत घालून. कार्डं वाटली जातात. चांगलंच आहे. पण कार्ड पोरीच्या हातात पडलं की सोयरीक मोडते, पोराचं कार्ड ट्रंकेत राहतं. ही आपली मनुस्मृती, दुसऱ्या कुणाची नाही.

त्या पोराचं पाहून मी माझं रक्त तपासलं. मी वाहक आहे. घरी मायनं मामाच्या पोरीचं बोलणं काढलं होतं. मी मामाला म्हणालो, आधी तिचंही तपासू. मामा भडकला, "माह्या पोरीत खोट हाये काय?" मी माझा कागद पुढं केला. म्हटलं, मामा, हे माह्यात हाये. त्यानं कागद पाहिला नाही. चहा तसाच ठेवून उठून गेला.

येत्या पौर्णिमेला विहारात तपासणी ठेवली आहे. वहीत आतापर्यंत तेवीस नावं आली, त्यात पोरी सहा. मामाच्या पोरीनं काल निरोप पाठवला: चोविसावं नाव माह्यं लिहा, बापाले सांगू नका.