भांड्यावर नाव, पण हक्क कोणाचा?

आज आम्ही अमेरिकेतल्या जुन्या भांड्यांविषयी बोलणार आहोत. गोष्ट भांड्यांची असली तरी ती बचतीचीही आहे.

सतराव्या-अठराव्या शतकात तिथे इंग्रजांच्या वसाहती होत्या. आजच्यासारख्या बँका नव्हत्या. घरात चांदीची नाणी ठेवली आणि चोरीला गेली, तर आपली कोणती हे ओळखायचं कसं? म्हणून पैसेवाले लोक नाणी आटवून पेले, चमचे, किटल्या करून घेत. चांदीचा भाव वजनावर, वर मजुरी. हिशेब आपल्या सोनारासारखाच. कारागीर आपला शिक्का मारी आणि घरच्यांच्या नावाची अक्षरं कोरली जात. भांडं चोरीला गेलं तर याच खुणांवरून शोध घेता येई. अडचणीत ते मोडता येई.

बॉस्टनच्या जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन या कारागिरांनी १६५२ मध्ये टांकसाळही चालवली. त्याच शहरातल्या पॉल रिव्हिअरने १७६८ मध्ये चांदीचा मोठा वाडगा घडवला. इंग्रजांच्या करांविरुद्धचं पत्र मागे घ्यायला नकार देणाऱ्या ९२ लोकप्रतिनिधींच्या सन्मानासाठी तो होता. आज तो बॉस्टनच्या संग्रहालयात आहे.

चांदी न परवडणाऱ्या घरांत लाकडाची किंवा प्यूटरची ताटं असत. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, आपल्या कल्हईचंच, त्यात थोडा दुसरा धातू. ही भांडी मऊ, वाकत, झिजत. इंग्लंडहून तयार भांडी येत, पण कच्च्या कथलावर कर लावलेला. मग तिथले कारागीर जुनी भांडी मोडीत घेत, वितळवून पितळी साच्यात ओतत आणि नवी करत.

आता मुद्द्याचं. चांदीच्या भांड्यावर पुष्कळदा तीन अक्षरं असत: वर आडनावाचं, खाली नवऱ्याचं आणि बायकोचं. मुलींना माहेरून चांदी मिळे. पण इंग्रजी कायद्याप्रमाणे लग्न झालं की बाईची अशी चीजवस्तू नवऱ्याच्या मालकीची होई. तिचं अक्षर कोरलेलं राही, पण विकायचं की ठेवायचं हे तो ठरवी. न्यूयॉर्क राज्यात १८४८ मध्ये कायदा झाला, तेव्हा लग्नाआधीची मालमत्ता बाईच्याच नावावर राहू लागली.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं बोला: घरातला दागिना, भांडं, खातं यांतलं काय आपल्या नावावर आहे, आणि ते मोडायचं की ठेवायचं हे कोण ठरवतं?